एम-१८ आणि एम-१७: लिमरिक–गॉलवे–टुआम मोटरवेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शॅनन विमानतळावर उतरणारे पाहुणे, नोकरीसाठी गॉलवे किंवा एनिसला आलेली नवी मंडळी, नुकती गाडी घेतलेले मित्र. सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. फोनवर सांगून सांगून थकलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. आयर्लंडच्या पश्चिमेचा हा रस्ता सलग दिसत असला तरी तो एका दमात झालेला नाही. गोधडी शिवावी तसा तुकड्याला तुकडा जोडत तो उत्तरेकडे सरकत गेला, आणि दोन्ही टोकांना अजूनही अर्धवटच आहे. हे एकदा ध्यानात आलं की खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

दक्षिणेकडून निघू. लिमरिक शहराच्या पश्चिमेला शॅनन नदीच्या तळाखालून बोगदा आहे. तो पार केला की आपण एन-१८ या चौपदरी रस्त्याला लागतो. बनरॅटीचा पंधराव्या शतकातला चौकोनी किल्ला मागे टाकून शॅननच्या जंक्शन ९ ला पोचलो की पाट्या हिरव्याच्या निळ्या होतात. तिथून एम-१८ सुरू होतो.

पुढे न्यूमार्केट-ऑन-फर्गस, ड्रोमोलंड, मग एनिस शहराला पूर्वेकडून वळसा, बेअरफिल्ड, क्रुशीन. इथे क्लेअर काउंटी (म्हणजे जिल्हा) संपते आणि गॉलवे काउंटी लागते. गोर्ट, किलटिअर्नन आणि शेवटी अथेनरायजवळचं रॅथमॉरिसी. रॅथमॉरिसीला डब्लिन–गॉलवेचा एम-६ आडवा येतो आणि एम-१८ तिथे संपतो. डांबर मात्र संपत नाही. तोच रस्ता एम-१७ नावाने सरळ उत्तरेला टुआमपर्यंत जातो.

म्हणजे एम-१८ गॉलवे शहरात जातो ना?

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. हा ‘लिमरिक–गॉलवे मोटरवे’ ना लिमरिकमध्ये सुरू होतो, ना गॉलवेत पोचतो. गॉलवे शहर हवं असेल तर जंक्शन १८ ला, म्हणजे रॅथमॉरिसीला, एम-६ वर पश्चिमेकडे वळायचं आणि ऑरनमोरच्या बाजूने शहरात शिरायचं. गप्पांच्या नादात सरळ गेलात तर टुआमच्या वाटेला लागाल, आणि मोटरवेवर यू-टर्न नसतो. पुढचं जंक्शन येईपर्यंत गप्प बसून गाडी चालवावी लागते. आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याने एकदा तरी जंक्शन १९ पाहिलेलं आहे.

दुसरा पर्याय जंक्शन १७ चा. किलटिअर्ननला उतरून किलकोलगन, क्लॅरिनब्रिज अशा जुन्या रस्त्याने जाता येतं. अंतर कमी, पण गावं लागतात. गर्दीची वेळ नसेल तर मला हाच रस्ता आवडतो.

एन-१८ आणि एम-१८ हे दोन वेगळे रस्ते आहेत का?

एकच. ‘एन’ म्हणजे राष्ट्रीय रस्ता. त्याच्या ज्या भागाला मोटरवेचे नियम लागू आहेत, त्या भागापुरतं ‘एन’ च्या जागी ‘एम’ येतं, नंबर तोच राहतो. ‘आर’ म्हणजे प्रादेशिक रस्ता, ‘एल’ म्हणजे स्थानिक, गल्लीबोळाचा. रंगावरूनही कळतं: निळी पाटी मोटरवेची, हिरवी राष्ट्रीय रस्त्याची, पांढरी प्रादेशिक रस्त्याची.

यात एक गंमत आहे. एनिसचा बायपास जानेवारी २००७ मध्ये खुला झाला तेव्हा तो मोटरवे नव्हता, साधा एन-१८ होता. त्याच वर्षी नवा रस्ते कायदा आला आणि मोटरवेच्या दर्जाच्या तयार चौपदरी रस्त्यांना मागाहून ‘मोटरवे’ जाहीर करण्याचा अधिकार मंत्र्यांना मिळाला. मग देशभर बऱ्याच रस्त्यांच्या पाट्या बदलल्या, त्यात हाही होता. रस्ता तोच, डांबर तेच. पण काल ज्या ट्रॅक्टरवाल्याचा तो होता, त्याला आज मज्जाव.

एकाच सरळ रस्त्याला मध्येच १८ चा १७ का होतो?

जुन्या नंबरांमुळे. एन-१८ हा लिमरिक–गॉलवे आणि एन-१७ हा गॉलवे–स्लायगो. दोन्ही जुने रस्ते गॉलवेच्या आसपास भेटायचे. नवा मोटरवे शहराला टाळून पूर्वेकडून नेला, पण नंबर जुन्या रस्त्यांचे ठेवले. त्यामुळे सांधा आता रॅथमॉरिसीला आला. जंक्शनचे आकडे मात्र तुटत नाहीत. एम-१८ चं शेवटचं १८, एम-१७ चं पहिलं १९ (अ‍ॅना हिल) आणि पुढे २० ला टुआम.

हा रस्ता बांधला कधी?

एका तारखेत उत्तर देता येत नाही. लिमरिक ते शॅनन हा चौपदरी भाग सगळ्यात जुना, कारण तिथे विमानतळ होता आणि १९५९ पासून शॅननचं मुक्त औद्योगिक क्षेत्र होतं. गाड्या होत्या, पैसा होता, म्हणून रस्ता आधी झाला. मग २००० च्या दशकात न्यूमार्केट-ऑन-फर्गसचा बायपास, त्यापाठोपाठ २००७ मध्ये एनिसचा.

नोव्हेंबर २००५ मध्ये सरकारने ‘ट्रान्सपोर्ट २१’ नावाची दहा वर्षांची मोठी योजना जाहीर केली होती. तिच्यात ‘अटलांटिक कॉरिडॉर’ अशी कल्पना होती. उत्तरेला लेटरकेनीपासून स्लायगो, गॉलवे, लिमरिक, कॉर्क करत वॉटरफोर्डपर्यंत पश्चिम आणि दक्षिणेची शहरं एकमेकांना चांगल्या रस्त्याने जोडायची. आयर्लंडमधले सगळे मोठे रस्ते तोवर डब्लिनला जायचे. चाकाच्या आऱ्या होत्या, धाव नव्हती. एम-१८ हा त्या धावेचा तुकडा.

मग क्रुशीन ते गोर्ट हा २२ किमीचा भाग नोव्हेंबर २०१० मध्ये झाला. आणि गोर्टला येऊन रस्ता थांबला. सात वर्षं. दक्षिणेकडून १२० च्या वेगाने आलेली गाडी गोर्टला उतरायची आणि जुन्या एन-१८ वर एखाद्या गवताच्या ट्रेलरमागे लागायची.

शेवटचा आणि सगळ्यात मोठा टप्पा गोर्ट ते टुआम. साधारण ५७ किमी, त्यातले शेवटचे चारेक किमी टुआमचा बायपास. तो २७ सप्टेंबर २०१७ ला खुला झाला, ठरल्या मुदतीच्या आधी. खर्च सुमारे ५५ कोटी युरो.

मधली सात वर्षं काय चाललं होतं?

मंदी. गोर्ट–टुआमचं काम सरकारी-खासगी भागीदारीतून करायचं ठरलेलं होतं. म्हणजे कंपन्यांच्या गटाने बँकांकडून पैसा उभा करायचा, रस्ता बांधायचा आणि सरकारने पुढे वर्षानुवर्षं फेडायचा. निविदांची प्रक्रिया सुरू असतानाच आयर्लंडच्या बँका कोसळल्या. २०१० च्या अखेरीस देशालाच युरोपीय संघ आणि नाणेनिधीकडून कर्ज घ्यावं लागलं. अशा वेळी पंचवीस वर्षांच्या मुदतीने पैसे कोण देणार?

नोव्हेंबर २०११ मध्ये सरकारने भांडवली खर्चाला कात्री लावली. डब्लिनची मेट्रोसुद्धा त्यात गेली. मग जुलै २०१२ मध्ये रोजगार वाढावा म्हणून सव्वादोन अब्ज युरोंचं पॅकेज जाहीर झालं आणि त्यात गोर्ट–टुआमचं नाव परत आलं. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने कर्जात वाटा उचलला. २०१४ मध्ये करार झाला आणि मग कुठे मातीला हात लागला.

मंदीचा एक परिणाम मात्र रस्त्याच्या बाजूने झाला असं मला वाटतं. काम सुरू झालं तेव्हा बांधकामवाले रिकामे बसलेले होते, मजूर आणि यंत्रं दोन्ही हाताशी होती. मुदतीआधी रस्ता होण्यात याचा हात नक्की असणार.

टोल आहे का?

एम-१८ वर नाही, एम-१७ वर नाही. विमानतळावरून गॉलवेला जाताना एक सेंटही लागत नाही. लिमरिकच्या बाजूने आलात तर बोगद्याला टोल आहे, आणि गॉलवेहून एम-६ ने डब्लिनला निघालात तर लॉखरे आणि बॅलिनास्लो यांच्या मध्ये कॅपाटॅगलला नाका आहे. दोन्हीकडे अडथळा उघडणारे नाके आहेत, रोख किंवा कार्ड चालतं. डब्लिनच्या एम-५० वर मात्र नाकाच नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत पैसे भरावे लागतात. भाड्याची गाडी असेल तर हे विसरू नका.

खासगी कंपन्यांनी बांधला आणि टोल नाही? मग त्यांना पैसे कुठून मिळतात?

करदात्याकडून. हा प्रश्न विचारणारे थोडे, पण मला सगळ्यात जास्त आवडणारा हाच.

सरकारी-खासगी भागीदारीच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत कंपनी रस्ता बांधते आणि टोल गोळा करते. गाड्या किती येतील याचा अंदाज चुकला तर नुकसान कंपनीचं, असं वरवर वाटतं. पण लिमरिकचा बोगदा आणि मीथ काउंटीतला एम-३ या दोन करारांत सरकारने वाहनसंख्येची हमी दिली होती. ठरल्यापेक्षा कमी गाड्या आल्या तर फरक सरकारने द्यायचा. करार झाले तेजीत, दोन्ही रस्ते खुले झाले २०१० मध्ये, ऐन मंदीत. गाड्या आल्या नाहीत आणि सरकारला दोन्हीकडे वर्षानुवर्षं भरपाई मोजावी लागली. वापरणारा टोल देतोय आणि न वापरणारा कर देतोय, असा प्रकार झाला.

गोर्ट–टुआमला दुसरी तऱ्हा वापरली. इथे कंपनीला गाड्यांशी काही देणंघेणं नाही. रस्ता उघडा आणि नीट असेल तर सरकार ठरलेला हप्ता देतं. लेन बंद ठेवली, देखभालीत कुचराई केली तर हप्त्यातून कापून घेतं. ही व्यवस्था पंचवीस वर्षांची. थोडक्यात, घर बांधून भाड्याने दिल्यासारखं: नळ गळला तर भाडं कापणार.

कुठली पद्धत बरी? टोल नसल्याने जुन्या रस्त्यावरचे ट्रक खरोखर नव्या रस्त्यावर आले, हा फायदा मोठा आहे. टोल लावला की पैसे वाचवायला ट्रकवाले गावातूनच जातात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण हप्ता दरवर्षी द्यायचाच असतो. उद्या तिजोरीत खडखडाट झाला तरी.

परीच्या झाडासाठी रस्ता वळवला, ही गोष्ट खरी की थाप?

खरी. जवळजवळ.

जागेचं नाव ‘लाटून’, न्यूमार्केट-ऑन-फर्गसजवळ. १९९९ मध्ये बायपासचं काम व्हायचं होतं तेव्हा आखणीच्या वाटेत एकटंच उभं असलेलं हॉथॉर्नचं काटेरी झुडूप येत होतं. आयरिशमध्ये त्याला ‘श्क्याख’ म्हणतात. एकट्या हॉथॉर्नला इकडचा शेतकरी सहसा हात लावत नाही, नांगरसुद्धा वळवून नेतो. क्लेअरमधले लोककथांचे अभ्यासक आणि कथेकरी एडी लेनिहन यांनी वर्तमानपत्रात जाहीर इशारा दिला: हे झाड म्हणजे मन्स्टरच्या परीलोकांची कॉनाख्टच्या परीलोकांशी (हे आयर्लंडचे दोन प्रांत) लढाईला जाताना जमायची जागा आहे. तोडलंत तर रस्त्यावर अपघात होतील, बळी जातील. बातमी पार अमेरिकेपर्यंत पोचली.

काउंटी कौन्सिलने झाड रस्त्याच्या आराखड्यात सामावून घेतलं. संपूर्ण मोटरवेने वळसा घेतला असं जे सांगतात ती तिखटमीठ लावलेली आवृत्ती. झाड वाचलं एवढं खरं. गंमत अशी की २००२ मध्ये कोणीतरी रात्रीतून त्याच्या फांद्या करवतीने छाटून टाकल्या. नुसतं खोड उरलं. आणि त्याला परत पालवी फुटली.

मुंज्याच्या पिंपळाखालून संध्याकाळी जायचं नाही, हे ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. मे महिन्यात गेलात तर पांढऱ्या फुलांनी भरलेलं असतं. पण अपेक्षा फार ठेवू नका. कुंपणामागे, माणसापेक्षा थोडं उंच, वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं झुडूप आहे ते. शेजारून ट्रक घोंघावत जातात. मोटरवेवर थांबून फोटो काढायचा नाही, कितीही मोह झाला तरी. थांबायचंच तर आधी जंक्शनला उतरा.

गोर्टच्या आसपास हिवाळ्यात शेतात तळी दिसतात. पूर आलेला असतो का?

कधी पूर, बहुतेक वेळा नाही. त्याला ‘टर्लॉख’ म्हणतात. आयरिश शब्दाचा अर्थच कोरडी जागा असा आहे. गोर्टचा सगळा सखल भाग चुनखडीवर आहे, आणि चुनखडी पाण्यात विरघळते. त्यामुळे खडकात भेगा, बिळं, भुयारं. इथल्या नद्या मध्येच जमिनीत गडप होतात आणि दोन शेतं सोडून परत वर येतात. पावसाळा लांबला (म्हणजे इकडे ऑक्टोबर ते मार्च) की खालचं पाणी त्याच बिळांतून वर येतं आणि कुरणाचं तळं होतं. उन्हाळ्यात त्याच जागी गाई चरतात. कुंपणाच्या दगडांवर एका ठरावीक उंचीपर्यंत काळं शेवाळ चढलेलं दिसलं की समजायचं, हिवाळ्यात पाणी इथवर येतं.

अशा जमिनीवर रस्ता बांधणं म्हणजे नुसती भर टाकणं नव्हे. भराव घालून एखादं बीळ बुजलं तर पाणी दुसरीकडे, कोणाच्या तरी घरात निघतं. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते आधी समजून घ्यावं लागतं. नोव्हेंबर २००९ च्या आणि २०१५–१६ च्या हिवाळ्यातल्या पुरांत दक्षिण गॉलवेचे रस्ते आणि घरं पाण्याखाली होती. गोर्टजवळचा थूर बॅलिली हा कवी येट्स यांचा मनोराही २००९ मध्ये बुडाला होता. मोटरवे उंचावर असल्याने आता निदान उत्तर-दक्षिण वाहतूक एकदम तुटत नाही.

भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते का? शिकाऊ परवान्यावर?

फिरायला आला असाल तर चालू असलेल्या भारतीय लायसन्सवर बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. भाड्याची गाडी देणाऱ्यांच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी विचारा. राहायला आलात तर मात्र भारतीय लायसन्स बदलून आयरिश मिळत नाही. लेखी परीक्षा, मग शिकाऊ परवाना, मग सक्तीचे धडे, मग रस्त्यावरची परीक्षा.

आणि शिकाऊ परवान्यावर मोटरवे बंद. शेजारी अनुभवी माणूस बसलेला असला तरी. म्हणजे मुंबई–पुणे एक्सप्रेसवेवर वीस वर्षं गाडी हाकलेला माणूस इथे लाल ‘एल’ लावून जुन्या आर-४५८ वरून गावागावांतून एनिसहून गोर्टला जातो. मी पण गेलोय. तेव्हा चिडचिड झाली, पण क्रुशीन, गोर्ट ही गावं मला ठाऊक आहेत ती त्याच वर्षामुळे. परीक्षा पास झाल्यावर नवशिक्याची ‘एन’ पाटी लावून मोटरवेवर जायला हरकत नाही.

वेगमर्यादा?

मोटारींना ताशी १२० किमी. ट्रेलर ओढत असाल तर ८०. गाडी डाव्या बाजूनेच चालवायची, आपल्यासारखी. डावी लेन चालायची, उजवी फक्त ओलांडायची. उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसलात तर मागचा आयरिश माणूस हॉर्न वाजवणार नाही, पण मनात काय म्हणेल ते विचारू नका. पादचारी, सायकल, ५० सीसीखालच्या दुचाकी आणि ताशी ५० किमीसुद्धा न गाठणारी वाहनं यांना बंदी आहे. कडेची पट्टी फक्त आणीबाणीसाठी. बंद पडलात तर गाडीतून डाव्या दाराने उतरून कठड्यापलीकडे उभे राहा आणि ११२ ला फोन करा.

वाटेत पेट्रोल, चहा?

मोटरवेलगत मिळेल या भरवशावर राहू नका. शॅननला किंवा एनिसला टाकी भरून घ्या, नाहीतर गोर्टला उतरा, गाव जंक्शनपासून जवळ आहे. गोर्टला उतरण्याचं दुसरं कारण म्हणजे ब्राझिलियन खाणं. इथल्या मांस कारखान्यांत काम करायला ब्राझीलहून लोक आले, त्यातले बरेच एकाच भागातले, आणि राहिले. चौकातल्या दुकानात पोर्तुगीज ऐकू येतं. शाकाहारी असाल तर चीजब्रेड मिळतो का पाहा.

रस्ता झाल्यावर जुन्या गावांचं काय झालं?

शांतता आली. क्लॅरिनब्रिज हे कालवांसाठी प्रसिद्ध गाव, सप्टेंबरमध्ये तिथे कालवांचा उत्सव भरतो. पण लिमरिक–गॉलवेच्या ड्रायव्हरांना ते ठाऊक होतं ते रांगेमुळे. एका अरुंद रस्त्यावरून दोन शहरांची सगळी वाहतूक जायची. टुआमच्या बाजूला क्लेअरगॉलवेची तीच कथा. तिथली रांग मात्र पूर्ण गेलेली नाही, कारण टुआमहून गॉलवे शहरात कामाला जाणाऱ्याला जुना एन-१७ च जवळ पडतो. मोटरवे पुढे जाणाऱ्याला उपयोगी, शहरात शिरणाऱ्याला तितका नाही.

हॉटेलवाले, पंपवाले यांचा धंदा बसला अशीही तक्रार ऐकू येते आणि ती खोटी नाही. ज्यांच्या शेताचे दोन तुकडे झाले त्यांची तर वेगळीच. रस्त्याखालून गुरांसाठी काढलेले बोगदे दिसतील, ते त्यांच्यासाठी. सकाळी दूध काढायला गाई त्यातून ओळीने जातात आणि वरून आपण.

गाडी नसेल तर?

बस एरनची ५१ नंबरची बस कॉर्क–लिमरिक–शॅनन–एनिस–गोर्ट–गॉलवे अशी धावते. रेल्वेही आहे. एनिस ते अथेनराय हा बंद पडलेला लोहमार्ग मार्च २०१० मध्ये पुन्हा सुरू झाला. लिमरिकहून गॉलवेला आगगाडीने सुमारे दोन तास, मोटारीने साधारण सव्वा तास. मोटरवे आणि रेल्वे समांतर, आणि दोन्हींवर सरकारचाच पैसा. रेल्वेप्रेमींचा यावर राग आहे. त्यात न्यूमार्केटजवळ बॅलिकारला लोहमार्ग अधूनमधून पाण्याखाली जातो, मग गाडी बंद आणि स्टेशनाबाहेर बदली बस उभी. ती बस एम-१८ नेच जाते.

लिमरिकच्या पुढे कॉर्कपर्यंत मोटरवे का नाही?

देशातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या शहरांच्या दरम्यान आजही बटेवंट, चार्ल्व्हिल अशा गावांच्या मुख्य रस्त्यावरून जावं लागतं, हे नवीन माणसाला पटत नाही. या वाटेवरच्या एम-२० मोटरवेचा आराखडा मंजुरीपर्यंत गेला होता. २०११ मध्ये पैसे नाहीत म्हणून अर्ज मागे घेतला गेला. तेव्हा वाहतूकमंत्री होते लिओ वराडकर. सहा वर्षांनी पंतप्रधान म्हणून गोर्ट–टुआमची फीत कापायला तेच आले. वराडकर हे नाव वाचून तुम्ही भुवया उंचावल्या असतील तर बरोबर आहे. त्यांचे वडील डॉक्टर, मुंबईचे, आणि मूळ गाव सिंधुदुर्गातलं वराड. आमच्याकडे या रस्त्याचा विषय निघाला की कोणीतरी ‘आपल्या माणसाने उद्घाटन केलं’ म्हणतंच. एम-२० चा अर्ज आपल्याच माणसाच्या कारकिर्दीत मागे गेला, हे मी त्याला जोडून सांगतो.

एम-२० चं काम नंतर नव्याने हाती घेतलं गेलं आणि २०२२ मध्ये पसंतीचा मार्ग जाहीर झाला. कागदावरून जमिनीवर यायला इथे किती वेळ लागतो ते वर वाचलंच आहे.

आणि टुआमच्या पुढे स्लायगो?

तिथे एन-१७, बहुतेक ठिकाणी एक लेन जायला, एक यायला. १९८६ साली उद्घाटन झालेला नॉकचा विमानतळ याच रस्त्यालगत, चार्ल्सटाउनजवळ आहे. दलदलीच्या माळावर विमानतळ काढला म्हणून मॉन्सिन्योर होरन या धर्मगुरूंना लोक हसले होते. विमानतळ चालला. मोटरवे अजून पोचायचाय.

पाट्यांवर दोन-दोन नावं असतात, कुठलं वाचायचं?

वर तिरप्या अक्षरात आयरिश, खाली सरळ मोठ्या अक्षरात इंग्रजी. गॉलवेचं ‘गॅलिव्ह’, लिमरिकचं ‘लिम्नॅख’, एनिसचं ‘इनिश’. इंग्रजी नावं म्हणजे बहुतेक आयरिश नावं साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली. ठाण्याचं ‘थाना’ झालं तसं. उच्चाराची एकच सूचना: मी या लेखात टुआम लिहिलंय कारण नकाशावर तसं शोधाल, पण तिथे विचारताना ‘चूअम’ म्हणा.

समुद्रकाठचे मोहेरचे कडे पाहायला कुठल्या जंक्शनला उतरायचं?

लिमरिक किंवा शॅननकडून येत असाल तर जंक्शन १२. तिथून एनिसला पश्चिमेकडून वळसा घालून एन-८५ ने एनिस्टायमन आणि पुढे कडे. गॉलवेहून येत असाल तर मोटरवेच्या वाटेला जाऊच नका. किलकोलगनला उजवीकडे एन-६७ धरा आणि बॅलिव्हॉनवरून बरेन या खडकाळ प्रदेशाच्या राखाडी दगडांतून किनाऱ्याकिनाऱ्याने जा. वेळ जास्त लागेल, समोरून टुरिस्ट बस आली की जीव मुठीत धरावा लागेल. मुलांना गाडी लागत असेल तर बॅलिव्हॉनला थांबून मगच पुढचा घाट चढा.